नकारालाही आवक क्रमांक हवा

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपूरच्या वेशीवर, वर्धा मार्गावर, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आडवे लागले आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग ठप्प झाला. बच्चू कडू यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या आंदोलनाची मुख्य मागणी होती, कर्जमाफी. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. ३० ऑक्टोबरला मुंबईत मुख्यमंत्र्यांसमवेत बैठक झाली आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे आश्वासन देण्यात आले. समितीही नेमली गेली. तेव्हापासून चर्चा चालली ती रकमेची, थकबाकीच्या तारखेची आणि राज्याच्या तिजोरीला हा भार पेलेल की नाही याची. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण विदर्भातील शेतकऱ्याला गेल्या काही वर्षांत जो धडा मिळाला तो निराळा आहे. कर्जमाफी मंत्रिमंडळाच्या बैठकीत मंजूर होते आणि संगणकाच्या पडद्यावरील अर्जात नामंजूर होते. पहिली घटना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते, दुसरीची नोंद कुठेच होत नाही.

हा दुसरा प्रकार कसा घडतो हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण यापुढे गरिबांच्या हक्काची लढाई मोर्चाच्या मैदानावर जितकी होईल तितकीच ती सेतू केंद्राच्या खिडकीशी होणार आहे.

२०१७ सालची कर्जमाफी हे या विषयातले महाराष्ट्राचे सर्वांत मोठे उदाहरण. १ जूनला शेतकऱ्यांचा ऐतिहासिक संप सुरू झाला, २४ जूनला सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली आणि ८९ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ होईल असे सांगितले. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते. 'छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना' असे भारदस्त नाव या योजनेला मिळाले. सन्मानाची पहिली पायरी म्हणून शेतकऱ्याला रांगेत उभे करण्यात आले. २४ जुलैपासून ऑनलाइन अर्ज सुरू झाले. पती, पत्नी व अठरा वर्षांखालील अपत्ये असे 'कुटुंब' धरले गेले आणि आधारची जोडणी सक्तीची झाली. ज्या कर्जाची प्रत्येक नोंद जिल्हा बँकेच्या, राष्ट्रीयीकृत बँकेच्या खातेवहीत होती त्याच कर्जाची माहिती शेतकऱ्याने स्वतः पुन्हा भरून द्यायची होती. ऐन खरिपाच्या हंगामात निंदण-फवारणी सोडून माणसे केंद्रासमोर बसली. यंत्रणा संथ चाले, मध्येच बंद पडे. शेवटी १५ सप्टेंबरची मुदत वाढवून २२ सप्टेंबर करावी लागली. सुमारे ७७ लाख खात्यांसाठी अर्ज आले.

त्यानंतरचे नाट्य सर्वांना आठवत असेल. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिवाळीच्या मुहूर्तावर, मुंबईत मोजक्या शेतकऱ्यांना बोलावून कर्जमाफीची प्रमाणपत्रे देण्यात आली. आणि काही दिवसांतच उघड झाले की बँकांकडे गेलेल्या यादीत एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे आहे, एकच बचत खाते अनेकांच्या नावावर आहे. यादी मागे घ्यावी लागली. बँकांकडून प्रत्येक खात्यासाठी ६६ रकान्यांत माहिती मागविण्यात आली होती. ती अर्जदारांच्या माहितीशी जुळेना. माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रधान सचिव बदलले गेले. ज्यांची माहिती जुळली त्यांची 'ग्रीन लिस्ट' झाली आणि ज्यांची जुळली नाही त्यांची प्रकरणे तालुकास्तरीय समित्यांकडे गेली. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले, विरोधकांचा हल्लाबोल मोर्चा यवतमाळहून चालत आला, सभागृहात गोंधळ झाला. सरकारचे उत्तर मात्र दोन शब्दांचे होते, 'तांत्रिक अडचण'.

या दोन शब्दांचा समाचार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वीज गेली, तार तुटली, पावसाने रस्ता वाहून गेला, याला तांत्रिक अडचण म्हणता येईल. पण अर्ज कोणाचा स्वीकारायचा आणि कोणाचा नाही हे ठरविणारा नियम हा माणसाने लिहिलेला नियम असतो. 'हा रकाना रिकामा चालणार नाही', 'येथे बाराच अंक हवेत', 'हे नाव त्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे', 'पतीचा क्रमांक भरल्याशिवाय पुढचे पान उघडणार नाही' अशी वाक्ये कोणीतरी कंत्राटदाराच्या कचेरीत बसून संगणकाच्या भाषेत लिहितो. त्यांचा परिणाम शासन निर्णयातील अटींइतकाच, पुष्कळदा त्याहूनही कठोर असतो. फरक इतकाच की शासन निर्णय प्रसिद्ध होतो, त्यावर टीका होते, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. पडद्यामागची वाक्ये मात्र कोणी वाचलेली नसतात. ज्या मंत्र्याच्या नावाने ती चालतात त्यानेही वाचलेली नसतात. लोकशाहीत कायदा करण्याचा अधिकार कोणाकडे असावा हा प्रश्न येथे उभा राहतो. तो यंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

आता या नियमांचे प्रकार पाहू. काही निरुपद्रवी असतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकीचा पडला तर यंत्राला तो जागीच ओळखता येतो. अशी तपासणी अर्जदाराच्याच हिताची आहे आणि तिला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार सक्तीच्या रकान्यांचा, आणि येथून अनर्थाला सुरुवात होते. रकाना रिकामा ठेवता येत नाही असे यंत्राने बजावले की ज्याच्याकडे माहिती नाही तो माणूस खरी माहिती शोधायला जात नाही, तो काहीतरी भरून मोकळा होतो. दिवसाकाठी शेकडो खाती उरकायची असलेला बँकेतला कारकून असो की रांग संपवायची असलेला केंद्रचालक असो, दोघेही हेच करतील, कारण त्यांना यंत्राने दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. 'माहिती उपलब्ध नाही' असे खरे उत्तर देण्याची सोय नसलेला अर्ज खोटी उत्तरे निर्माण करतो. ६६ रकाने मागणाऱ्याने ६६ रकान्यांतल्या कचऱ्याबद्दल आश्चर्य दाखवू नये.

तिसरा प्रकार नावांच्या जुळणीचा. सात-बारा मराठीत असतो, बँकेचे खाते बहुधा इंग्रजी लिपीत असते, आधारवर दोन्ही असते पण ते नोंदणी करणाऱ्याने त्या दिवशी जसे ऐकले तसे असते. मराठी माणूस 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत 'डी'ने लिहितो, हिंदी वळणाचा कारकून तेच नाव 'जी'ने लिहितो. नागपूर ही एके काळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. येथे मराठी व हिंदी शेजारी नांदतात आणि एकाच ज्ञानेश्वराची दोन कागदांवर दोन स्पेलिंगे असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. 'वाघमारे' कोठे 'डब्ल्यू'ने तर कोठे 'व्ही'ने सुरू होतात. बाईच्या बाबतीत तर विचारूच नये. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे नाव आधारवर, आणि शेत मिळालेच असेल तर तिसऱ्याच रूपात फेरफारावर. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नव्हती अशा असंख्य वृद्धांच्या आधारवर केवळ जन्मवर्ष आहे, आणि जेथे पूर्ण तारीख सक्तीची असते तेथे ते सारेच १ जानेवारीला जन्मलेले ठरतात. तंतोतंत जुळणी मागणारा नियम लिहिणाऱ्याला यातले काहीच माहीत नसते. त्याच्या लेखी न जुळणारे नाव म्हणजे संशयित माणूस.

हे सारे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. एक दोष मात्र असा आहे की तो दुरुस्त होत नाही, कारण तो दिसतच नाही.

जुन्या काळी तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या शेतकऱ्याचे काही फार आदरातिथ्य होत असे असे नव्हे. कारकून वसकन अंगावर येई, चहापाण्याचे पैसे मागे, 'उद्या या' म्हणे. पण अर्ज एकदा आवक-जावक शाखेत दिला की त्याला आवक क्रमांक पडे. पोच मिळे. तो अपुरा असो, चुकीचा असो, त्यावर तिकीट कमी असो, तो अर्ज म्हणून सरकारच्या दप्तरात अस्तित्वात येई. पुढे तो फेटाळला तर कोणीतरी सही करून फेटाळावा लागे आणि त्या सहीविरुद्ध वर जाता येई. साऱ्या महाराष्ट्रातील तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आयुष्यभर हेच एक हत्यार वापरले. पोचपावतीच्या बळावर त्यांनी रेशनकार्डे मिळवून दिली, निराधारांचे पगार सुरू करून घेतले, मजुरांना काम मिळवून दिले.

संगणकाच्या पडद्यावरील पडताळणी या आवक क्रमांकाच्या अलीकडे उभी असते. तेथे लाल अक्षरांत 'माहिती अवैध आहे' एवढे उमटते आणि 'सादर करा' हे बटण मुके होऊन बसते. अर्ज फेटाळला गेलेला नसतो, कारण अर्ज झालेलाच नसतो. क्रमांक नाही, पोच नाही, नाकारणारा अधिकारी नाही, कारण नाही, अपील नाही. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम झाला. त्यात अर्जाची पोच देण्याचे बंधन आहे, नाकारल्यास लेखी कारण देण्याचे बंधन आहे, दोन पायऱ्यांचे अपील आहे, त्यावर आयोग आहे. कायदा चांगला आहे. परंतु त्याची सुरुवातच अर्ज दाखल होण्यापासून होते. जो उंबरठ्यावरूनच परत फिरविला गेला त्याला त्या कायद्याची सावलीही मिळत नाही. आणि सरकार सभागृहात छातीठोकपणे सांगू शकते की प्राप्त अर्जांपैकी इतके टक्के निकाली काढले. अप्राप्त अर्जांची टक्केवारी कोण मोजणार?

अर्थशास्त्रात निवडीच्या चुका दोन प्रकारच्या मानतात. अपात्र माणसाला लाभ मिळणे ही एक, पात्र माणूस वगळला जाणे ही दुसरी. पहिल्या चुकीने तिजोरीचे नुकसान होते, दुसरीने माणसाचे. पहिल्या चुकीचे पुरावे दप्तरात राहतात, त्यामुळे लेखापरीक्षक ती शोधू शकतो, वर्तमानपत्रे ती छापतात, मंत्र्याची नाचक्की होते. दुसरी चूक घरी निघून जाते. साहजिकच प्रत्येक नियम लिहिणाऱ्याचा कल पहिली चूक टाळण्याकडे असतो, मग त्यासाठी दुसरी कितीही वाढली तरी चालते.

२०१७ मध्ये ऑनलाइन अर्जाचे समर्थन नेमके याच तर्काने झाले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत बँकांनी घोळ घातले, अपात्रांना पैसे गेले, म्हणून या वेळी काटेकोर छाननी, असे सांगितले गेले. २००८ च्या त्या योजनेबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेत मांडला गेला. लाभ मिळालेल्या खात्यांपैकी ८०,२९९ खाती त्यांनी तपासली. त्यांत सुमारे साडेआठ टक्के अपात्र निघाली. हा आकडा सत्ताधाऱ्यांनी उचलला. त्याच अहवालात दुसरा आकडा होता. लाभ न मिळालेल्या कर्जदारांपैकी ९,३३४ खाती तपासली असता १,२५७ पात्र असूनही वगळली गेल्याचे दिसले, म्हणजे १३.४६ टक्के. दोन्ही नमुने वेगवेगळे असल्याने त्यांची सरळ वजाबाकी करणे शास्त्रशुद्ध होणार नाही, हे मान्य. पण ज्याने तो अहवाल खरोखर वाचला त्याला वगळलेल्यांची काळजी वाटायला हवी होती. तिच्याऐवजी चाळणी अधिक बारीक करण्यात आली. परिणाम काय झाला? ८९ लाखांची घोषणा होती, प्रत्यक्ष लाभ सुमारे ४४ लाखांच्या आसपास खातेदारांपर्यंत पोचला. उरलेले सगळेच पात्र होते असे कोणी म्हणत नाही. मूळ ८९ लाखांच्या अंदाजातही फुगवटा होता. परंतु पात्र असूनही या योजनेचा लाभ न मिळालेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न २०२५ मध्येही विधिमंडळात निघत होता. आठ वर्षांत कर्जावर व्याज किती चढते याचे गणित बँकेला येते. अर्ज न स्वीकारणाऱ्या यंत्राला येत नाही.

याहून वेगळे करता आले असते काय? आले असते, आणि याच राज्याने ते करून दाखविले. २१ डिसेंबर २०१९ रोजी नागपूरच्याच अधिवेशनात दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर झाली. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाच्या त्या योजनेत शेतकऱ्याकडून अर्जच मागविला नाही. बँकांच्या दप्तरातून खाती घेतली, यादी गावात लावली, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आपले नाव व रक्कम बरोबर आहे की नाही एवढे आधारद्वारे प्रमाणित करायचे होते. रक्कम अमान्य असेल तर तक्रार नोंदवायची, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जायची. आणखी एक साधी गोष्ट केली गेली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावांची, एकूण ६८ गावांची, १५,३५८ खात्यांची. चुका काय होतात ते तेथे पाहून मगच राज्यभर पाऊल टाकले. या योजनेला उणिवा होत्या. दोन लाखांवरील थकबाकीदार बाहेर राहिले, नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहनासाठी वाट पाहावी लागली, झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात. तरीही पुरावा देण्याची जबाबदारी शेतकऱ्याच्या खांद्यावरून सरकारच्या खांद्यावर गेली, आणि तेवढ्यानेच गोंधळ कितीतरी कमी झाला. यंत्र तेच होते, राज्य तेच होते, अधिकारीही बहुतेक तेच होते.

म्हणून चाळणी किती बारीक ठेवायची हा राजकीय निर्णय असतो, असे म्हणावे लागते. ज्यांना यात अतिशयोक्ती वाटते त्यांनी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा इतिहास पाहावा. जुलै २०२४ मध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा विधानसभा निवडणूक तोंडावर होती. त्या वेळी चाळणी इतकी सैल होती की महिलांच्या या योजनेत १४,२९८ पुरुष लाभार्थी म्हणून शिरल्याचे पुढे २०२५ मध्ये उघड झाले. अर्जदार स्त्री आहे की पुरुष हे तपासण्याइतकी सोपी पडताळणी दुसरी नसेल. ती कोणाला सुचली नाही की सुचूनही नको होती, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले. २०२५ च्या जून-जुलैपर्यंत २६ लाखांहून अधिक बहिणींचा लाभ स्थगित झाला होता. मते पडेपर्यंत बहीण लाडकी, मते मोजून झाल्यावर बहीण संशयित.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, आणि तिच्या अर्जात स्त्रीच्या आधारबरोबर पतीचा अथवा वडिलांचा आधार क्रमांक सक्तीचा करण्यात आला. त्या क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवर जो सांकेतिक आकडा येईल तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. कल्पना करा की एक विधवा बाई केंद्रात बसली आहे. पती वारलेला, वडीलही वारलेले. यंत्र तिला विचारते आहे, यांपैकी एका पुरुषाची संमती आण. ज्या योजनेची पात्र लाभार्थी म्हणून विधवेचा, घटस्फोटितेचा, परित्यक्तेचा नावानिशी उल्लेख आहे त्याच योजनेच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता. हा दोष शोधायला महासंगणक लागत नाही. अर्ज खुला करण्यापूर्वी एका विधवेला समोर बसवून तो एकदा भरून पाहिला असता तर पाच मिनिटांत सापडला असता. सरकारला तो सापडायला जवळजवळ दोन महिने लागले. १८ नोव्हेंबरची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ करण्यात आली आणि मृत्यू प्रमाणपत्र अथवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट काढली गेली. म्हणजे अखेर कागदच स्वीकारावा लागला, आणि तोही माणसाच्या हाती.

त्याच अर्जात एक प्रश्न होता तो असा की कुटुंबातील सदस्य सरकारी नोकरीत कायम कर्मचारी म्हणून कार्यरत नाहीत, याला होय म्हणायचे की नाही. मराठी घरातली कोणतीही बाई 'घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का' असा प्रश्न ऐकते आणि 'नाही' म्हणते. येथे 'नाही' म्हणणारी बाई सरकारी नोकराची बायको ठरली आणि तिचा हप्ता थांबला. जानेवारी २०२६ मध्ये अशा महिलांची प्रत्यक्ष पडताळणी अंगणवाडी सेविकांमार्फत करण्याचे जाहीर झाले. प्रश्न नकारार्थी विचारणे ही भाषेची चूक, तिच्या दुरुस्तीचा भार मानधनावर राबणाऱ्या सेविकांवर. कंत्राटदाराच्या बिलातून काही कापले गेले काय, असे विचारण्याचा कार्यकर्त्यांना हक्क आहे.

यावर एक आक्षेप हमखास येईल. मग काय घोटाळे होऊ द्यायचे? पडताळणीच नको काय? पडताळणी हवी. प्रश्न तिच्या जागेचा आहे. यंत्राला शंका आली तर त्याने अर्ज स्वीकारावा, क्रमांक द्यावा, शंका कोणत्या रकान्याबद्दल आहे आणि का आहे ते मराठीत लिहून द्यावे, आणि तो अर्ज तालुक्यातील एका नावाच्या, पदाच्या अधिकाऱ्यापुढे ठेवावा, ज्याला यंत्राचे मत बाजूला सारण्याचा अधिकार असेल. पैसे देण्यापूर्वी छाननी करायला कोणी अडवलेले नाही. अडवायचे आहे ते माणसाला अर्जदार होण्यापासूनच वंचित करणे. ज्यांना हे अव्यवहार्य वाटते त्यांनी रोजगार हमीकडे पाहावे. १९७७ साली या राज्याने वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा कायदा केला. दगड फोडायला, नाला खोदायला जो उन्हात येईल तो गरजू, यापलीकडे पात्रतेची कसोटी तेथे नव्हती. मजूर नमुना चार भरून काम मागे, त्याची तारखेसह पोच घेई, आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत काम दिले नाही तर बेकारभत्त्याचे देणे सरकारच्या अंगावर पडे. त्या अर्जात एकच सक्तीचा रकाना महत्त्वाचा होता, आणि तो सरकारने भरायचा होता. कागदाचा तुकडा राज्याला बांधून घेत असे. आजचा पडदा नागरिकाला बांधून घेतो.

आपल्या तालुक्यात काय करता येईल याचा विचार व्हायला हवा. योजनेच्या शासन निर्णयासोबत अर्जातील प्रत्येक रकाना, तो सक्तीचा आहे की ऐच्छिक, आणि कोणत्या कारणाने अर्ज अडेल, याची संपूर्ण यादी परिशिष्ट म्हणून प्रसिद्ध झाली पाहिजे, अशी मागणी आपल्या आमदारांमार्फत विधिमंडळात आली पाहिजे. हे लेखी आल्याशिवाय भांडायचे कशाशी हेच कळत नाही. दरम्यान अर्ज सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक केंद्राशेजारी एक कार्यकर्ता वही घेऊन बसला पाहिजे. जो परत फिरला त्याचे गाव, अडलेला रकाना, पडद्यावर उमटलेले शब्द, तारीख व वेळ एवढे लिहावे. पडद्याचे छायाचित्र घ्यावे, आणि त्याच दिवशी तोच मजकूर साध्या कागदावर अर्ज म्हणून तहसील कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवावा, पोस्टाची पावती ही पोचच असते. शंभर अर्जदारांची वही झाली की तांत्रिक अडचण ही राजकीय मागणी होते. मंत्र्यापुढे आकडा ठेवता येतो. लागलीच तर न्यायालयातही ती वही दाखल करता येते.

आणि ही वही उघडताना सर्वांत आधी कोणाकडे पाहायचे ते विदर्भातल्या कार्यकर्त्याला सांगावे लागू नये. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला आहे, आणि तो सात-बारावरील नाव व आधार यांच्या जोडणीतून मिळतो. मक्त्याने किंवा बटईने जमीन कसणाऱ्याचे नाव सात-बाऱ्यावर नसते. त्याने कर्ज काढले ते सावकाराकडून किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर, त्याचा कोठेच रकाना नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचे नाव वारस म्हणून चढण्याआधी फेरफार तलाठ्याच्या दप्तरात पडून असतो, दीर-जेठांचा आक्षेप असतो, आणि तोपर्यंत कर्ज मृताच्या नावावर, शेत मृताच्या नावावर व मोबाइलही मृताच्या नावावर असतो. यवतमाळ, वर्धा, अमरावती, नागपूर जिल्ह्यातील गावागावांतून अशा बायकांची यादी वारस नोंदींच्या सद्यःस्थितीसह आजपासूनच करायला घ्यावी, कारण अर्ज खुला झाल्यावर मुदत मोजली जाते ती दिवसांत, आणि फेरफार मंजूर व्हायला जातात ते महिने.